खंबातच्या गढूळ पाण्यात कान कसा लावावा

डुमसच्या किनाऱ्यावर उभे राहिले की समोरचे पाणी मातकट दिसते, आणि ते केवळ पावसाळ्यापुरते नसते. तापी, नर्मदा, मही, साबरमती या नद्या आपला गाळ खंबातच्या आखातात आणून टाकतात आणि भरती-ओहोटीचा जोर तो तळाशी बसू देत नाही. भावनगरच्या बाजूला उधाणाचे पाणी १० मीटरहून अधिक चढते-उतरते. एवढा फरक भारताच्या किनाऱ्यावर दुसरीकडे कुठे नाही. या पाण्यात हातभर खोलीवरचेही दिसत नाही. तिथला डॉल्फिन आवाज सोडतो, परत येणारा प्रतिध्वनी ऐकतो आणि त्यावरून मासा शोधतो. त्याचा अभ्यास करायचा तर आपल्यालाही कानावरच भिस्त ठेवावी लागेल.

हा लेख भेस्तान, उधना, पांडेसरा, डिंडोली, लिंबायत या भागांतल्या मराठी विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि सुटीच्या दिवशी समुद्राकडे जाणाऱ्या निसर्गप्रेमींसाठी आहे. भेस्तानहून डुमस वीसेक किलोमीटरवर आहे. आपल्यातले बरेच जण खानदेशातून आलेले, समुद्राशी पिढीजात नाते नसलेले. त्याने काही अडत नाही. उलट एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. मगदल्ला-डुमसच्या मच्छीमाराशी गुजरातीत आणि डहाणू-सातपाटीच्या मच्छीमाराशी मराठीत मोकळेपणाने बोलणारा माणूस संशोधकांना सहजी मिळत नाही. सुरतेच्या मराठी घरांत अशी मुले गल्लोगल्ली आहेत.

हे काम आताच हाती घेण्याचे कारण आखातातच आहे. पिपावावजवळच्या समुद्रात वाऱ्याचा वेग मोजणारे लायडार यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरात बसवले गेले. २०१८ मध्ये याच पट्ट्यात १००० मेगावॉटच्या समुद्री पवनऊर्जा प्रकल्पासाठी कंपन्यांकडून स्वारस्य मागवले गेले. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात आणि तामिळनाडू यांच्या किनाऱ्यांजवळ प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या प्रकल्पांसाठी मिळून ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. दक्षिणेला, आपण मुंबईला जाताना डहाणू ओलांडतो त्याच भागात, वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. समुद्रात पवनचक्की उभी करताना बहुतेक ठिकाणी तळात जाड पोलादी खांब ठोकतात. बंदर बांधताना भराव टाकतात, तळ खोदतात. या सगळ्याचा आवाज पाण्यात दूरवर जातो. पवनऊर्जा हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण खांब ठोकायला सुरुवात होण्याआधी तिथे डॉल्फिन किती ऐकू येत होते, कोणत्या महिन्यांत येत होते, याची नोंद हाताशी नसेल तर पुढे झालेला फरक कोणालाच दाखवता येणार नाही. आधीची नोंद नंतर करता येत नाही. माझ्या दृष्टीने या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच.

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर वेगाने जातो, हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. म्हणूनच समुद्री सस्तन प्राण्यांनी एकमेकांना शोधणे, पिल्लाला जवळ ठेवणे, शिकार करणे ही सगळी कामे आवाजावर सोपवली आहेत. मात्र सगळ्यांचा आवाज एकाच पट्टीत नसतो, आणि यंत्र घेण्याआधी हे नीट समजून घ्यायला हवे. निळा देवमासा बहुतांशी १०० हर्ट्झच्या खाली गातो. त्यातला काही भाग आपल्या कानाला लागतही नाही. हम्पबॅक देवमाशाचे गाणे काही दहा हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले असते. गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत दिसणाऱ्या हम्पबॅक डॉल्फिनच्या शिट्ट्या काही किलोहर्ट्झपासून वीसेक किलोहर्ट्झपर्यंत जातात, म्हणजे बऱ्याचशा आपल्याला ऐकू येतात. त्याचे क्लिक, म्हणजे शिकार शोधताना सोडलेले अतिशय छोटे टकटक आवाज, मात्र १०० किलोहर्ट्झच्याही वर पोचतात. पाठीवर पर नसलेला फिनलेस पॉरपॉइज शिट्टी वाजवतच नाही. त्याचे सगळे बोलणे १०० किलोहर्ट्झच्या वरच्या क्लिकमध्ये चालते आणि माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो. हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या शेजारून पॉरपॉइजचा कळप गेला तरी त्याला काही कळणार नाही.

यातून निघणारी पहिली सूचना अशी: कोणाला ऐकायचे ते ठरवल्याशिवाय यंत्राकडे वळू नका. सुरतेजवळच्या उथळ पाण्यात निळ्या देवमाशाची आशा धरू नये. फार खालच्या पट्टीतले सूर उथळ पाण्यातून दूर जाऊच शकत नाहीत. दहा मीटर खोलीच्या पाण्यात काही दहा हर्ट्झचा आवाज थोड्याच अंतरात विरतो. आपल्या भागात लक्ष्ये दोनच ठेवावीत: हम्पबॅक डॉल्फिन आणि फिनलेस पॉरपॉइज. आययूसीएनच्या यादीत पहिला संकटग्रस्त आणि दुसरा असुरक्षित गणला जातो. गुजरात वनविभागाने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या गणनेत राज्याच्या किनाऱ्यालगत सुमारे ६८० डॉल्फिन नोंदले गेले, त्यांतले बहुतेक कच्छच्या आखातात. खंबातच्या बाजूला, भावनगरकडे, आकडा अगदी थोडा होता. ही गणना डोळ्यांनी केलेली आहे. गढूळ आणि सतत हलत्या पाण्यात डोळ्यांची गणना किती पुरी पडते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि त्याचे उत्तर आवाजाच्या नोंदीच देऊ शकतात.

हे आपल्याकडे होऊ शकते का, असे वाटत असेल तर पश्चिम किनाऱ्यावरच दाखले आहेत. मार्च २०१७ मध्ये गोव्याजवळच्या उथळ समुद्रात ठेवलेल्या ध्वनिमुद्रकात हम्पबॅक देवमाशाचे गाणे सापडले. श्याम मधुसूदन, विश्वजित चक्रवर्ती आणि जी. लता यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला. अरबी समुद्रातले हम्पबॅक जगातल्या इतर हम्पबॅकांसारखे ध्रुवाकडे जात नाहीत, वर्षभर याच समुद्रात राहतात. ओमानजवळच्या अभ्यासात त्यांची संख्या शंभराच्याही आत निघाली. त्यांच्या या अवस्थेला इतिहासही कारणीभूत आहे. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांसमोर दोनशेहून अधिक हम्पबॅक बेकायदा मारले. २०१७ च्या अखेरीस ओमानमध्ये उपग्रह-खूण लावलेली लुबान नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली, तेव्हा ओमान आणि भारत या दोन किनाऱ्यांचे नाते पुन्हा एकदा समोर आले. गोव्याच्या त्या रेकॉर्डिंगचे मोल म्हणूनच मोठे. पाण्यावर काही दिसले नसतानाही प्राणी तिथे आहे आणि गातो आहे, हे त्याने सिद्ध केले.

लक्षद्वीपमध्ये दिव्या पणिक्कर यांनी २०१८ च्या अखेरीपासून पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवले आणि तिथल्या निळ्या देवमाशांचे गाणे नोंदले. ते विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत ऐकू आले. आपल्याला सर्वांत जवळचा दाखला सिंधुदुर्गचा आहे. कोकण सीटेशियन रिसर्च टीमच्या ईशा बोपर्डीकर, मिहिर सुळे, केतकी जोग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हम्पबॅक डॉल्फिनच्या शिट्ट्या ध्वनिमुद्रित करून त्यांचे प्रकार पाडले. तो शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. याच गटाने सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांशी बोलून त्यांना डॉल्फिनांबद्दल काय माहीत आहे, काय वाटते, याचाही स्वतंत्र अभ्यास केला. दोन्ही कामे एकाच गटाने करावीत, हे मला फार बरोबर वाटते. नुसते यंत्र ठेवून निघून जाणाऱ्याला किनारा काही सांगत नाही.

तेव्हा सुरुवात मच्छीमारांपासूनच करा. वही घेऊन जा, प्रश्नावली घरी ठेवा. होडीवरच्या तांडेलाला आणि खलाशांना विचारायचे ते एवढेच: डॉल्फिन कोणत्या महिन्यात दिसतो, भरतीला की ओहोटीला, किनाऱ्यापासून किती लांब, एकटा की घोळक्याने, आणि जाळ्यात कधी अडकला का. शेवटचा प्रश्न पहिल्या भेटीत विचारू नका. डॉल्फिन आणि देवमासे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत आणि जाळ्यात अडकलेल्या जनावराबद्दल बोलायला मच्छीमार घाबरतो. ओळख वाढू द्या. त्याच्या भागात त्या प्राण्याला जे नाव आहे तेच वहीत लिहा आणि त्याखाली वर्णन: पाठीवर पर होता का, कुबड होते का, रंग कसा. पर आणि कुबड दोन्ही असतील तर बहुधा हम्पबॅक डॉल्फिन, पाठ गुळगुळीत असेल तर पॉरपॉइज.

गुजरातच्या मच्छीमाराला असले प्रश्न अगदीच नवे नाहीत. व्हेल शार्क या महाकाय माशाची, ज्याला तिथे प्रेमाने ‘व्हाली’ म्हणतात, शिकार याच राज्यात होत असे. २००१ मध्ये त्याला अनुसूची १ मध्ये घेतले गेले. २००४ पासून मोरारी बापूंच्या आवाहनानंतर सौराष्ट्रातले मच्छीमार जाळी कापून त्याला सोडू लागले आणि कापलेल्या जाळ्याची भरपाईही मिळू लागली. महाराष्ट्राने डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित समुद्री जीव सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली. पालघरकडच्या मच्छीमाराशी बोलताना ही योजना त्याला माहीत आहे का, ते जरूर विचारा. नसेल तर सांगा. तिथून पुढचे बोलणे सोपे होते.

यानंतर पंचांग काढा. आखातातल्या प्रवाहाचा वेग हा आपल्या कामातला सगळ्यात मोठा अडथळा आहे. पाणी जोरात वाहत असले की ते ध्वनिमुद्रकावर घासते आणि खालच्या पट्टीत सलग घरघर उमटते. दोर थरथरतो, त्याचा वेगळा आवाज येतो. वर प्रवाहाबरोबर वाहणारी वाळू आणि रेव यंत्रावर आदळत राहते. म्हणून पहिल्या चाचण्या अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात करू नका. अष्टमी-नवमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचा काळ, निवडा आणि त्यातही भरती संपून ओहोटी लागायच्या आधीचा निवांत वेळ साधा. वेळा पंचांगावर न सोडता भरती-ओहोटीच्या अधिकृत तक्त्यातून घ्या. हजिऱ्याच्या आणि भावनगरच्या वेळा सारख्या नसतात.

यंत्राबद्दल. पाण्यातला मायक्रोफोन म्हणजे हायड्रोफोन. त्यात दाबातला बदल विजेच्या संकेतात बदलणारा संवेदक असतो. शाळा-कॉलेजच्या गटासाठी सगळ्यात आवाक्यातले यंत्र म्हणजे हायड्रोमॉथ, जंगलात पक्ष्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ऑडिओमॉथचे जलरोधक रूप. ते सेकंदाला ३,८४,००० नमुन्यांपर्यंत नोंद करू शकते. जितक्या कंपनसंख्येचा आवाज पकडायचा, त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घ्यावे लागतात, हा नियम लक्षात ठेवा. म्हणजे डॉल्फिनच्या शिट्ट्यांसाठी ९६ किलोहर्ट्झचा दर पुरतो, पॉरपॉइजच्या क्लिकसाठी पूर्ण ३८४ किलोहर्ट्झ लागतो. संशोधन संस्था न्यूझीलंडचे साउंडट्रॅप वापरतात. ते महाग आहे, पण त्याची मोजणी प्रमाणित असते. पाण्यातल्या गोंगाटाची पातळी डेसिबलमध्ये सांगायची असेल तर असे कॅलिब्रेट केलेले यंत्रच हवे. हायड्रोमॉथवरून ‘आवाज होता की नव्हता’ एवढे म्हणता येते, ‘इतके डेसिबल होता’ असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे ब्रिटनमधला एफ-पॉड. तो आवाज साठवत नाही, फक्त क्लिकची वेळ आणि स्वरूप लिहून ठेवतो. त्यामुळे तो महिनोन्‌महिने पाण्यात राहू शकतो. पॉरपॉइजसाठी मला तोच सर्वांत योग्य वाटतो.

साठवणुकीचा हिशेब घरीच करा, नाहीतर समुद्रावर कार्ड भरून जाईल. १६ बिटांत ४८ किलोहर्ट्झने एका तासाचे रेकॉर्डिंग सुमारे ३४५ मेगाबाइट होते. तेच ३८४ किलोहर्ट्झने केले तर तासाला २.७६ गिगाबाइट आणि दिवसाला ६६ गिगाबाइटच्या वर जाते. म्हणून दर पंधरा मिनिटांतली पाच मिनिटेच नोंदवा. दिवसाचे २२ गिगाबाइट होतील, बॅटरीही टिकेल. एक सापळा सगळ्यांनाच अडवतो: ऑडिओमॉथच्या कुळातली यंत्रे फायलीला वेळ देताना सहसा जागतिक प्रमाणवेळ वापरतात. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. वहीतली भरती आणि फाइलमधला डॉल्फिन जुळत नसतील तर आधी घड्याळ तपासा.

खंबातमध्ये यंत्र नांगरून ठेवण्यापेक्षा सुरुवातीला होडीतून ऐकणे बरे. होडी ठरल्या जागी न्या, इंजिन पूर्ण बंद करा, आणि होडीला प्रवाहाबरोबर वाहू द्या. पाण्याबरोबरच यंत्रही वाहत असल्याने घरघर खूप कमी होते. दोर होडीच्या कडेला घासू देऊ नका, मध्ये स्पंजचा तुकडा किंवा रबर घाला. खाली शिशाचे वजन लावा, पण साखळी वापरू नका. साखळी खणखणते. मोबाइलच्या जीपीएसने सुरुवातीची आणि शेवटची जागा लिहा. शेजारी दुसऱ्या माणसाने पाण्याकडे पाहत राहायचे आणि काय दिसले ते मिनिटानिशी लिहायचे. डॉल्फिन दिसला म्हणून त्याच्यामागे होडी पळवायची नाही, आणि रेकॉर्ड केलेला आवाज पाण्यात परत वाजवायचा नाही. पुढे नांगरून ठेवण्याची वेळ आली तर सैल दोर पाण्यात राहणार नाही याची काळजी घ्या. ज्या जनावराला ऐकायला गेलो तेच आपल्या दोरात अडकू नये.

परवानगीबाबत ढिलाई नको. हजिरा आणि मगदल्ला यांच्या बंदर हद्दीत जहाजांची ये-जा मोठी आहे. तिथे पाण्यात कोणतेही यंत्र सोडण्यापूर्वी बंदर प्रशासन आणि गुजरात मेरिटाइम बोर्ड यांची लेखी परवानगी हवी. किनाऱ्याच्या सुरक्षेचा प्रश्न असल्याने तटरक्षक दल आणि सागरी पोलिसांनाही आधी कळवावे. अनुसूची १ मधल्या प्राण्यावर अभ्यास म्हणून वनविभागाला पत्र द्या. हे सगळे एकट्याने करण्यापेक्षा एखाद्या संस्थेच्या छत्राखाली करणे सोपे पडते. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ आणि एसव्हीएनआयटी दोन्ही सुरतेतच आहेत. जीवशास्त्राचा एक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा एक प्राध्यापक सोबत घेतला की गट पुरा होतो. आणि सुरक्षेचे सांगायचे तर ओहोटीला पाणी दूर गेलेले पाहून चिखलावर चालत जाऊ नका. इथली भरती परत येते तेव्हा माणसाला पळायलाही वेळ देत नाही.

घरी आल्यावर खरे काम सुरू होते. ऑडासिटी हे विनाशुल्क सॉफ्टवेअर घ्या आणि फाइल स्पेक्ट्रोग्रामच्या रूपात उघडा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर कंपनसंख्या. शिट्टी वळणदार रेघेसारखी दिसते, क्लिक उभ्या बारीक रेघांच्या ओळीसारखे. बोटीचे इंजिन समांतर आडव्या पट्ट्या काढते. उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्रात स्नॅपिंग श्रिम्प नावाची छोटी कोळंबी आपला नांगा आपटून सतत तडतड आवाज करते. तो सगळ्या पटावर शिंपडल्यासारखा दिसतो आणि नवख्याला हमखास क्लिक वाटतो. फरक लयीत आहे. डॉल्फिनचे क्लिक ठरावीक अंतराने मालिकेत येतात, कोळंबीची तडतड बेहिशेबी असते. संध्याकाळी आणि रात्री माशांचे समूहगानही मिळेल. घोळ, ढोमा या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून गुरगुरतात. गुजरातने २०२३ मध्ये राज्यमासा म्हणून निवडलेला घोळ याच कुळातला. त्या नोंदी फेकू नका. डॉल्फिनाला काय खायला मिळते याचा तो अंदाज आहे.

मोठ्या साठ्यासाठी पॅमगार्ड हे विनाशुल्क सॉफ्टवेअर क्लिक आणि शिट्ट्या आपोआप शोधून देते. पण दूरच्या समुद्रांवर तयार झालेल्या शोधयंत्रावर खंबातमध्ये डोळे मिटून विश्वास ठेवू नका. निदान सुरुवातीच्या सगळ्या नोंदी माणसाने तपासाव्यात, आणि त्याही दोघांनी वेगवेगळ्या बसून.

आता सगळ्यात अवघड भाग. रेकॉर्डिंगमध्ये डॉल्फिन नाही, याचा अर्थ पाण्यात डॉल्फिन नाही असा होत नाही. पॉरपॉइजचा क्लिक काही शे मीटरपलीकडे विरून जातो. डॉल्फिन कधी कधी गप्प राहतो. गाळ आणि प्रवाह यांच्या गोंगाटात आवाज बुडतो. म्हणून वहीत चार रकाने आखा: दिसला आणि ऐकू आला, दिसला पण ऐकू आला नाही, ऐकू आला पण दिसला नाही, दोन्ही नाही. दुसऱ्या रकान्यातल्या नोंदी जमल्या की आपले यंत्र किती वेळा चुकते ते कळते. तिसऱ्या रकान्यातल्या नोंदी सांगतात की डोळ्यांची गणना किती चुकते. चौथ्या रकान्याचा अर्थ पहिल्या तिघांशिवाय लावता येत नाही. हजिरा-घोघा रो-पॅक्स फेरी चालू असेल तेव्हा तिच्या डेकवरून होणारा प्रवासही निरीक्षणाला वापरा. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या या सेवेमुळे आखात आरपार पाहण्याची संधी सामान्य माणसाला मिळाली. फेरीची वेळ ठाऊक असल्याने तिच्या इंजिनाचा आवाज आपल्या यंत्रात कसा उमटतो, तेही तपासता येते.

गोंगाट नेमके काय करतो हे पांडेसरा-भेस्तानच्या माणसाला समजावून सांगायला नको. पॉवरलूमच्या खात्यात शेजारच्याशी बोलायचे तर हातवारे करावे लागतात आणि पाळी संपवून घरी आल्यावरही कानात खटखट चालूच राहते. जहाजांच्या वाटेवरच्या डॉल्फिनाची हीच दशा होते, फक्त त्याची पाळी संपत नाही. गंगेतल्या डॉल्फिनांवर मयूख डे, नचिकेत केळकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोटरबोटींचा गोंगाट आणि उथळ होत गेलेले पाणी एकत्र आले की डॉल्फिनाला आवाज काढण्यासाठी जास्त शक्ती खर्च करावी लागते, त्याच्या शरीरावरचा ताण वाढतो, असे त्यांना आढळले. गंगेचा डॉल्फिनही गढूळ पाण्यात राहणारा, जवळजवळ आंधळा, आवाजावर जगणारा. उलट बाजूचा पुरावाही आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेवरील हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजवाहतूक मंदावली. कॅनडाजवळच्या बे ऑफ फंडीमध्ये पाण्यातला आवाज ६ डेसिबलने घटला आणि तिथल्या राइट व्हेलांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकेही कमी झाली.

ऐकलेले निर्णयापर्यंत पोचले तरच जनावर वाचते. मेक्सिकोजवळच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातील व्हाकिटा या चिमुकल्या पॉरपॉइजचे क्लिक २०११ पासून पाण्याखालच्या यंत्रांनी पद्धतशीर मोजले. संख्या वेगाने घसरत असल्याचे शास्त्रज्ञांनी वेळेत सांगितले. पण त्याला गुदमरवणारी जाळी थांबली नाहीत आणि आज जगात मोजकेच व्हाकिटा उरले आहेत. याउलट बोस्टनच्या जलमार्गात राइट व्हेलचा आवाज ओळखणारे बोये बसवले गेले. हाक ऐकू आली की एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, घेऊन येणाऱ्या जहाजांना वेग १० नॉटपर्यंत कमी करावा लागे. हजिऱ्यातही एलएनजी टर्मिनल आहे, जहाजे येतात. खांब ठोकण्याच्या बाबतीत जर्मनीचा नियम पाहा: ठोकण्याच्या जागेपासून ७५० मीटरवर एका ठोक्याचा ध्वनीभार १६० डेसिबलच्या वर जाता कामा नये. त्यासाठी कंपन्या खांबाभोवती बुडबुड्यांचा पडदा सोडतात, हवेमुळे आवाज अडतो. पिपावावच्या प्रकल्पाबाबत अशी अट घातली जावी असे वाटत असेल तर तिथे ऐकू येणाऱ्या प्राण्यांची महिनावार नोंद मागणीसोबत जोडलेली हवी.

मेलेले किंवा जिवंत जनावर किनाऱ्यावर लागलेले दिसले तर त्याला समुद्रात ढकलू नका. नाकपुडी डोक्यावर असते, तिच्यात पाणी आणि वाळू जाऊ देऊ नका, अंगावर ओले कापड ठेवा, गर्दी दूर ठेवा आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात वनविभागाची हेल्पलाइन १९२६, तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४. नोंद मरीन मॅमल रिसर्च अँड कन्झर्वेशन नेटवर्क ऑफ इंडिया यांच्याकडेही पाठवा. देशभरची दर्शने आणि किनाऱ्याला लागलेली जनावरे यांची यादी ते ठेवतात.

वर्षभराच्या नोंदी झाल्या की त्यांचा एकपानी तक्ता करा. त्यात महिना, ऐकण्याचे एकूण तास, त्यांतल्या किती तासांत डॉल्फिन किंवा पॉरपॉइज ऐकू आला, भरतीची अवस्था, आणि इंजिनांचा आवाज असलेले तास, एवढेच असावे. मूळ फायली दोन वेगळ्या जागी जपून ठेवा, कापलेल्या किंवा सुधारलेल्या नव्हे. मोठ्या बंदरासारख्या प्रकल्पासाठी २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी ठेवली जाते आणि तिची सूचना किमान ३० दिवस आधी प्रसिद्ध होते. त्या ३० दिवसांत तक्त्याची एक प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी द्या, पोच घ्या, आणि सुनावणीत तोंडी बोलताना त्याच पानावरचे आकडे वाचा. गुजरातेत गुजरातीत, महाराष्ट्रात मराठीत. ज्या तांडेलाच्या होडीतून ऐकले त्यालाही सोबत न्या, आणि डॉल्फिन कुठे, कोणत्या दिवसांत असतात हे त्याला त्याच्या शब्दांत सांगू द्या.